एक टक्का बाजूला काढताना

कॉफीच्या कच्च्या बीत कॅफिन असते ते शेकडा एक-दोन भाग. अरेबिका जातीत साधारण १.२ टक्के, रोबस्टात त्याच्या जवळजवळ दुप्पट. बाकी सगळे म्हणजे साखर, प्रथिने, तेल, आम्ले, खनिजे आणि तंतू. बी भाजली की त्यांच्यातूनच शेकडो सुगंधी द्रव्ये तयार होतात. कॅफिनविरहित कॉफीच्या कारखान्याने करायचे काम एका वाक्यात सांगता येते: तेवढे एक-दोन टक्के काढायचे आणि बाकीच्याला धक्का लावायचा नाही. उकळून तयार झालेल्या आमटीतले फक्त मीठ काढून घ्या, चिंच, गूळ आणि गोडा मसाला मात्र जिथल्या तिथे राहू द्या, असे कुणी सांगितले तर ते जितके अवघड वाटेल, तितकेच हेही अवघड आहे. तरीही शंभराहून अधिक वर्षे हे काम टनावारी चालू आहे.

एवढे असूनही या कॉफीला म्हणावा तसा मान मिळालेला नाही. ‘डिकॅफ’ म्हटले की पथ्याची कॉफी, डॉक्टरांनी सांगितल्यामुळे नाइलाजाने प्यायची कॉफी, असेच बहुतेकांच्या मनात येते. हा समज कशामुळे झाला, तो कधी खरा होता आणि आता कितपत खरा उरला आहे, हे समजून घ्यायचे तर कपातल्या चवीच्या आधी कारखान्यातली रीत पाहावी लागते. पुढच्या पानांचा रोख तिकडेच आहे. ही प्रस्तावना त्या वाटेवरचे महत्त्वाचे टप्पे वाचकाला आधीच दाखवून ठेवते.

कहाणी सुरू होते १८१९ साली, जर्मनीतल्या येना शहरात. फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे हा पंचविशीतला विद्यार्थी बेलाडोनासारख्या विषारी वनस्पतींवर काम करत होता. त्यांच्या रसाचा थेंब डोळ्यात टाकला की बाहुली मोठी होते, हे तो मांजरावर दाखवी. त्याचे गुरू डबेरायनर यांनी ही गोष्ट महाकवी ग्योथे यांच्या कानावर घातली. ग्योथेंनी रुंगेला बोलावून घेतले आणि तो मांजर घेऊन त्यांच्या भेटीला गेला. प्रयोग पाहून खूश झालेल्या ग्योथेंनी निरोप देताना त्याच्या हातात कॉफीच्या बियांची एक डबी ठेवली आणि यांचाही अभ्यास करून पाहा, असे सुचवले. काही महिन्यांतच रुंगेने त्या बियांतून एक पांढरा, कडू, स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. तेच कॅफिन. पुढे १८२७ मध्ये चहातून ‘थेइन’ नावाचे द्रव्य मिळाले आणि दहा-अकरा वर्षांत ते कॅफिनच असल्याचे सिद्ध झाले. एमिल फिशर यांनी १८९५ मध्ये ते प्रयोगशाळेत घडवून दाखवले. याच रुंगेने नंतर डांबरातून ॲनिलिन आणि फिनॉल ही द्रव्येही शोधली. रंग आणि औषधांच्या उद्योगाला त्यांचा मोठा उपयोग झाला.

प्रयोगशाळेत चिमूटभर कॅफिन मिळवणाऱ्याला उरलेल्या बियांचे काय झाले याची फिकीर नसते. कारखान्याला त्या बियाच विकायच्या असतात. त्यामुळे रुंगेच्या शोधापासून कॅफिनविरहित कॉफी दुकानात येईपर्यंत पंच्याऐंशी-नव्वद वर्षे गेली.

ते काम केले ब्रेमेन या बंदराच्या शहरातले कॉफीचे व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी. आपल्या वडिलांचा मृत्यू अति कॉफी पिण्यामुळे ओढवला, अशी त्यांची समजूत होती. जहाजातून येताना समुद्राच्या पाण्यात भिजलेला कॉफीचा माल त्यांच्या हाती आला, त्यात कॅफिन कमी झालेले आढळले आणि चव मात्र बरीचशी टिकून होती, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, रोझेलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेल्या रीतीत पहिली पायरी बिया वाफेने फुगवण्याची होती, हे पेटंटच्या कागदांवर नोंदलेले आहे. फुगलेल्या बियांतले कॅफिन मग बेंझिनने धुऊन काढले जाई. १९०६ मध्ये त्यांनी ब्रेमेनमध्ये कंपनी काढली आणि ‘कॅफे हाग’ हे नाव युरोपभर पोहोचले. अमेरिकेत हीच कॉफी पुढे ‘सांका’ या नावाने खपली. तिच्या डब्याचा नारिंगी रंग लोकांच्या डोळ्यांत इतका बसला की अमेरिकेतल्या उपाहारगृहांत डिकॅफच्या भांड्याची मूठ आजही नारिंगी असते.

बेंझिनने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे आता निर्विवाद आहे. त्या काळी ते एक सोयीचे द्रावक होते, इतकेच. या उद्योगाचा पुढचा सगळा इतिहास एका दृष्टीने या पहिल्या द्रावकापासून दूर जाण्याचा इतिहास आहे.

त्या वाटेवर निघण्याआधी एक प्रश्न सोडवून घ्यायला हवा: कॅफिन काढायचे ते कच्च्या बीतून का? भाजलेली, दळलेली कॉफी का नाही? कारण सुगंध भाजताना तयार होतो. भाजलेली कॉफी द्रावकात किंवा पाण्यात बुडवली तर कॅफिनबरोबर तो सुगंधही निघून जाईल. कच्च्या बीत तो अजून जन्मालाच आलेला नसतो. असते ती त्याची सामग्री. म्हणून डिकॅफचा सगळा खटाटोप हिरव्या, खड्यासारख्या कठीण बियांवरच होतो. त्यांत कॅफिन मोकळे पडलेले नसते, तर क्लोरोजेनिक आम्लाच्या क्षाराशी जोडलेले असते. ही जोडी सुटण्यासाठी बी भिजून फुगावी लागते. त्यामुळे कारखाना कोणत्याही पद्धतीचा असो, सुरुवात पाणी आणि वाफ यांनीच होते.

त्यानंतर वाटा फुटतात.

पहिली वाट द्रावकाची. वाफवलेल्या बियांवरून डायक्लोरोमिथेन किंवा एथिल ॲसिटेट पुन्हापुन्हा फिरवतात. ते कॅफिन ओढून घेते, आणि शेवटी वाफ देऊन बियांतले उरलेसुरले द्रावक घालवतात. याच वाटेचा एक अप्रत्यक्ष प्रकार आहे. त्यात बिया गरम पाण्यात भिजवून ते पाणी वेगळे काढतात, त्या पाण्यातले कॅफिन द्रावकाने काढतात आणि चवीची द्रव्ये असलेले तेच पाणी पुन्हा बियांना पाजतात. द्रावक बियांना थेट लागतच नाही. डायक्लोरोमिथेन सुमारे चाळीस अंश सेल्सिअसला उकळते आणि कॉफी दोनशे अंशांच्या वर भाजली जाते, त्यामुळे कपापर्यंत पोहोचणारा अंश अत्यल्प असतो. युरोपीय संघाने भाजलेल्या कॉफीत किलोमागे २ मिलिग्रॅम, तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दशलक्ष भागांत १० भाग अशी त्याची मर्यादा घातलेली आहे.

वाद मात्र मिटलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डायक्लोरोमिथेनला ‘मानवात बहुधा कर्करोगजनक’ या गटात ठेवले आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. अन्नातला वापर त्या संस्थेच्या कक्षेत येत नाही. तो थांबवावा यासाठी काही संघटनांनी अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळा अर्ज केला आहे. या वादात दोन माणसांची जोखीम वेगवेगळी मोजायला हवी. कॉफी पिणाऱ्याच्या वाट्याला येणारा अंश नगण्य असू शकतो, पण रोज त्या द्रावकाशेजारी उभे राहून काम करणाऱ्या कामगाराचे तसे नसते. हा मुद्दा चर्चेत सहसा मागे पडतो, आणि तो मागे पडू नये.

एथिल ॲसिटेटची गोष्ट थोडी वेगळी आहे. पिकलेल्या फळांतही ते नैसर्गिकरीत्या असते. कोलंबियात उसाच्या मळीपासून मिळणाऱ्या अल्कोहोलपासून ते बनवतात आणि मानिसालेस शहरातल्या कारखान्यात तेथल्याच कॉफीसाठी वापरतात. ऊस आणि कॉफी एकाच देशात पिकत असल्याने द्रावक घरचे, बियाही घरच्या. ‘शुगरकेन डिकॅफ’ या नावाने ही कॉफी आता जगभर मागितली जाते. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात मळीपासून अल्कोहोल बनवण्याचे कारखाने वाचकांच्या पाहण्यातले आहेत. तिथून एथिल ॲसिटेट फक्त एका रासायनिक पायरीवर असते.

दुसरी वाट निव्वळ पाण्याची. कॅफिन गार पाण्यात बेताचेच विरघळते, १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २ ग्रॅम. उकळत्या पाण्यात हेच प्रमाण साठ ग्रॅमच्या वर जाते. अडचण अशी की गरम पाणी निवड करत नाही. साखर, आम्ले, जे विरघळेल ते सगळे घेऊन जाते. स्वित्झर्लंडमध्ये १९३० च्या दशकात यावर मोठी कल्पक तोड निघाली. आधी बियांचा एक घाणा गरम पाण्यात पूर्ण उतरवायचा, त्या अर्कातले कॅफिन सक्रिय कोळशावर अडकवायचे आणि बाकी सगळ्या द्रव्यांनी भरलेला अर्क जपून ठेवायचा. आता नव्या बिया या अर्कात भिजवल्या तर त्यांच्यातली साखर किंवा आम्ले बाहेर पडण्याचे कारण उरत नाही, कारण बाहेरच्या पाण्यात ती तेवढ्याच प्रमाणात असतात. तुटवडा फक्त कॅफिनचा असतो, म्हणून बाहेर येते तेही फक्त कॅफिन. ‘स्विस वॉटर’ नावाने ही पद्धत व्यापारात उतरली आणि १९८८ पासून कॅनडात, व्हँकुव्हरजवळ, तिचा कारखाना चालू झाला. मेक्सिकोतही पाण्यावर चालणारा मोठा कारखाना आहे.

तिसरी वाट सापडली ती दुसरेच काही शोधताना. जर्मनीतल्या म्युलहाइम गावी कोळशावर संशोधन करणारी माक्स प्लांक संस्था आहे. तिथे कुर्ट झोझेल हे रसायनतज्ज्ञ १९६० च्या दशकात दाबाखालच्या वायूंनी मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्यावर काम करत होते. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे त्र्याहत्तर पट दाबाच्या पलीकडे नेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रव होत नाही. वायूसारखा तो बारीकसारीक फटींत शिरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवतो. या अवस्थेला सुपरक्रिटिकल म्हणतात. असा कार्बन डायऑक्साइड ओल्या कॉफीबियांतून फिरवला तर तो कॅफिन उचलतो आणि साखर, प्रथिने व आम्ले जवळपास तशीच सोडतो, हे झोझेल यांनी दाखवून दिले. मग पाण्याने किंवा कोळशाने त्यातले कॅफिन काढून घ्यायचे आणि तोच वायू पुन्हा बियांकडे पाठवायचा. दाब उतरला की वायू उडून जातो. बियांत द्रावकाचा अंश राहण्याचा प्रश्नच नाही.

खर्च मात्र मोठा. एवढा दाब सोसणारी पोलादी पात्रे उभारायला प्रचंड भांडवल लागते, म्हणून ही पद्धत मोठ्या मालालाच परवडते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिचा पहिला मोठा कारखाना उभा राहिला तो ब्रेमेनमध्येच, रोझेलियस यांनी स्थापलेल्या हाग कंपनीचा. ज्या गावात बेंझिनने सुरुवात झाली, तिथेच त्याच कंपनीने सत्तरएक वर्षांनी श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूवर काम सुरू केले. हे तंत्र पुढे मसाल्यांचे अर्क आणि सुगंधी तेले काढण्यासाठी रुळले. भारतातही त्यावर चांगले काम झाले. मुंबईच्या आयआयटीतल्या रसायन अभियंत्या ममता मुखोपाध्याय यांचा सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने नैसर्गिक अर्क काढण्यावरचा ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला.

बाजूला काढलेले कॅफिन वाया जात नाही. शुद्ध करून ते शीतपेयांना, ऊर्जापेयांना आणि औषधांना विकले जाते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर कॅफिन असते ते वेदनाशामकाचा परिणाम वाढवण्यासाठी.

आता कपाकडे येऊ. कॅफिन काढलेल्या कॉफीत कॅफिन उरतेच, फक्त थोडे. युरोपीय नियमाप्रमाणे भाजलेल्या डिकॅफमध्ये ते कोरड्या वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आत, तर इन्स्टंट डिकॅफमध्ये ०.३ टक्क्याच्या आत असावे लागते. अमेरिकेत मूळच्या कॅफिनपैकी ९७ टक्के काढण्याचा दंडक रूढ आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दहा दुकानांतली डिकॅफ तपासली, तेव्हा सुमारे ४७० मिलिलिटरच्या मोठ्या पेल्यात बहुतेक ठिकाणी ८.६ ते १३.९ मिलिग्रॅम कॅफिन निघाले. साध्या कॉफीच्या लहान कपात याच्या पाच-सात पट तरी असते. ज्यांना डॉक्टरांनी कॅफिन पूर्ण बंद सांगितले आहे, त्यांनी हा फरक ध्यानात ठेवायला हवा. बाकीच्यांसाठी हे प्रमाण नगण्यच आहे.

कॅफिन टाळण्याची गरज कुणाला, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. मेंदूत दिवसभर साठणारे ॲडिनोसिन हे द्रव्य थकवा आणि झोप यांची सूचना देते. कॅफिन त्याची जागा अडवून बसते आणि सूचना पोहोचूच देत नाही. निरोगी प्रौढाच्या शरीरातले निम्मे कॅफिन ओसरायला सरासरी पाचेक तास लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा वेळ दुपटी-तिपटीने वाढतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफिन सुरक्षित मानले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. त्याच मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटरच्या कपात उकळलेल्या कॉफीतून ८० ते १२०, इन्स्टंटमधून ५० ते ६५ आणि चहातून ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन मिळते. मराठी घरांत कॉफीपेक्षा चहा जास्त होतो. दिवसाला पाच-सहा कप चहा घेणारा माणूस कॉफीला शिवलाही नाही, तरी या मर्यादेजवळ पोहोचू शकतो.

भारताच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी दोन तृतीयांशांहून अधिक रोबस्टा आहे, म्हणजे मुळात जास्त कॅफिनची. दुसरीकडे, दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीत चिकरी मिसळण्याची रीत आहे आणि चिकरीत कॅफिन नसते. नियमानुसार अशा मिश्रणात निम्म्याहून थोडी अधिक कॉफी असली तरी चालते. त्यामुळे चिकरीची फिल्टर कॉफी पिणारा नकळत कमी कॅफिन घेत असतो. त्यामागे कुणाचा वैद्यकीय हेतू नव्हता. चव आणि किंमत यांनी ते घडवले.

चवीबद्दलचा आक्षेप सर्वांत जुना. कॅफिन कडू असते, म्हणून ते काढले की कॉफी बेचव होणारच, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात कॉफीच्या कडवटपणात कॅफिनचा वाटा दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या थॉमस होफमान यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले की बराचसा कडवटपणा भाजताना क्लोरोजेनिक आम्लापासून तयार होणाऱ्या द्रव्यांचा असतो. डिकॅफची चव बिघडत असे ती वेगळ्या कारणांनी. वारंवार भिजवण्या-सुकवण्यात चवीची सामग्री निघून जाई. पूर्वी डिकॅफसाठी हलक्या दर्जाचा, जुना माल निवडला जाई. शिवाय कॅफिन काढलेली बी भाजण्याआधीच तपकिरी दिसते, त्यामुळे रंगावरून भाजणीचा अंदाज घेणारा कारागीर फसे.

ही तिन्ही कारणे हटवता येतात, आणि ती हटवली जात आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘ब्रूअर्स कप’ या राष्ट्रीय स्पर्धेत वेहोंग झांग यांनी विजेतेपद मिळवले ते कोलंबियातल्या एका मळ्याच्या डिकॅफ कॉफीवर. परीक्षकांपुढे जगातली उत्तमोत्तम कॉफी असताना कॅफिन काढलेल्या बियांनी बाजी मारली. ‘पथ्याची कॉफी’ या शिक्क्याला याहून ठोस उत्तर देता येणार नाही.

कारखान्यालाच वगळून कॅफिन नसलेले झाडच लावता येईल का, हा प्रयत्नही झाला. जपानमधल्या नारा येथील संशोधकांनी २००३ मध्ये जनुकीय बदल करून रोबस्टाच्या रोपांतले कॅफिन जास्तीत जास्त सत्तर टक्क्यांनी घटवले. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या कॅम्पिनास भागातील शास्त्रज्ञांनी इथिओपियातून आलेल्या अरेबिका झाडांच्या संग्रहात जवळजवळ कॅफिन नसलेली तीन झाडे शोधल्याचे जाहीर केले. कॅमेरूनच्या जंगलात तर मुळातच कॅफिन नसलेली कॉफीची एक जात आढळली. २००८ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. मात्र झाड कॅफिन बनवते ते किड्यांपासून बचावासाठीही, आणि प्रयोगशाळेपासून मळ्यापर्यंतची वाट लांब आहे. आज दुकानात मिळणारी जवळजवळ सगळी डिकॅफ अजूनही द्रावक, पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड यांपैकी एका वाटेनेच येते.

म्हणूनच या तीन वाटांची ओळख प्रत्येक ग्राहकाला हवी. पुष्कळ डब्यांवर ‘कॅफिनविरहित’ एवढेच छापलेले असते. ते कसे काढले, याचा उल्लेख नसतो. ही माहिती दडवण्याजोगी मुळीच नाही. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरणारे उत्पादक ती अभिमानाने छापतात, मग इतरांनीही छापायला हरकत नसावी. पुढची पाने वाचून झाल्यावर वाचकाने डिकॅफचा डबा हातात घेतला तर दुकानदाराला, कंपनीला आणि गरज पडल्यास अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: यातले कॅफिन कोणत्या पद्धतीने काढले आहे? या प्रश्नाचे उत्तर डब्यावरच छापलेले असावे आणि ते सक्तीचे असावे.